रेल्वेच्या गावात मेथडिस्ट चर्च आलं कसं?

पूर्णा-चुडावा भागाला रेल्वे नवी नाही. महाराष्ट्रात मेथडिस्ट चर्चचा प्रसारही रेल्वेच्याच आधाराने झाला.

इंग्लंडच्या जॉन वेस्ली यांनी १८व्या शतकात ही चळवळ सुरू केली. अमेरिकन धर्मप्रसारक विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले. त्यांचा आग्रह एकच: परदेशी पैशावर विसंबायचं नाही, चर्च मंडळींच्या वर्गणीवर चालवायचं. महिन्याला पगार घेणारे रेल्वे कर्मचारी अशी वर्गणी देऊ शकत. त्यामुळे कसारा घाटमाथ्यावरच्या इगतपुरीसारख्या रेल्वेगावातही मेथडिस्ट मंडळी उभी राहिली.

१९७० मध्ये उत्तर भारतातली अनेक चर्च एकत्र आली, बहुतेक मेथडिस्ट मात्र वेगळे राहिले. १९८१ पासून भारतातलं मेथडिस्ट चर्च स्वायत्त आहे, कारभार इथल्याच लोकांच्या हाती.

म्हणून अशा जुन्या चर्चला नुसतं ‘साहेबांचं देऊळ’ म्हणून चालत नाही. त्यात कामगारांच्या पगारातला पैसाही आहे.