पुढचा संगणक कोणता?



गेल्या महिन्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुने सभासद आले. लेथवर उभे राहून उभी हयात घालवलेले गृहस्थ. म्हणाले, "भाऊ, नातीचा संगणक जुना झाला. आता कोणत्या जातीचा घेऊ? दुकानदार चार दाखवतो आणि चारही उत्तम म्हणतो." मी त्यांना चहा पाजला आणि उत्तरासाठी चार दिवसांची मुदत मागून घेतली. मी या विद्येचा पंडित नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु त्या चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. हा प्रश्न आजचा नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या लाखो घरांत हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता. त्या घरांचे काय झाले, हे आज आपणांस सांगावे असे योजिले आहे.

घरगुती संगणकाची कुळकथा १९७७ सालापासून धरतात. त्या एका वर्षात अमेरिकेत ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० अशी तीन तयार यंत्रे विक्रीस आली. त्यांतले टीआरएस-८० पडद्यासह सुमारे सहाशे डॉलरला मिळे. सामान्य कुटुंबाला हाही आकडा जड होता. ही किंमत खाली ओढली ती इंग्लंडातील क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी. त्यांचा झेडएक्स-८० हा संगणक १९८० साली ९९.९५ पौंडांना आला आणि पुढच्याच वर्षी झेडएक्स-८१ हा ६९.९५ पौंडांना. सुटे भाग घेऊन स्वतः जोडणाऱ्याला तो ४९.९५ पौंडांत पडे. त्याची स्मृती केवळ एक किलोबाइट, म्हणजे हजारभर अक्षरांची. माझे हे भाषण त्यात मावले नसते. पडदा म्हणून घरचाच दूरदर्शन संच, आणि केलेले काम साठवायला गाण्याची कॅसेट वाजवायचे यंत्र. यंत्र गरिबाचे खरे, परंतु त्याने गरिबाच्या मुलाला यंत्राशी बोलायला शिकवले.

मग स्पर्धा लागली. डिसेंबर १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. बीबीसीने १९८२ च्या जानेवारीत लोकांना संगणक शिकविणारी मालिकाच सुरू केली, आणि शाळांना संगणक घेण्यासाठी सरकारने निम्मा खर्च उचलला. एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम आला, १२५ आणि १७५ पौंडांना. त्याच वर्षी अमेरिकेतून कमोडोर-६४ निघाला, प्रथम ५९५ डॉलरला. वर्षभरात ती किंमत दोनशेवर उतरली. या किंमतयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखी बलाढ्य कंपनी १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये घरगुती संगणकाचा धंदा सोडून गेली, आणि जे यंत्र १९८१ मध्ये ५२५ डॉलरला विकले गेले होते ते अखेरीस पन्नास डॉलरच्या आत मोडीत निघाले.

आपल्याकडेही या यंत्रांचे पाय लागले. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी जो 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रोच आणले होते. स्पेक्ट्रमची परवान्याने बनविलेली आवृत्तीही येथे विकली गेली.

आता खरी मेख पाहा. या यंत्रांची पोटे निरनिराळी होती. स्पेक्ट्रमच्या पोटात झेड-८०, बीबीसी मायक्रोच्या पोटात ६५०२. बेसिक ही संगणकभाषा सर्वांची म्हणावी, तर तिची बोली प्रत्येकाची वेगळी. एका यंत्रावर भरलेली कॅसेट दुसऱ्याला कळत नसे. मुलाने दोन वर्षे रात्री जागून जे रचले, ते त्या एका कंपनीच्या अंगणात रचलेले असे. अंगण बदलले की भिंती तेथेच राहत.

म्हणून पहिला संगणक घेणे सोपे होते. अवघड होता तो दुसरा. १९८६-८७ सालचे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. स्पेक्ट्रम जुना झालेला, सिंक्लेअरचा संगणकांचा धंदाच ॲमस्ट्रॅडला पन्नास लाख पौंडांना विकला गेलेला. दुकानात अटारी एसटी आहे, कमोडोरची अमिगा आहे. चित्रे आणि संगीत यांत दोन्ही सरस. शेजारी ॲमस्ट्रॅडचा पीसी-१५१२ आहे, दिसायला रुक्ष, परंतु कचेऱ्यांतल्या आयबीएमच्या यंत्राशी जुळणारा. शिवाय लिहिणाऱ्यांसाठी ॲमस्ट्रॅडचाच पीसीडब्ल्यू, छपाईयंत्रासह चारशे पौंडांच्या आसपास. मुलगा म्हणणार अमिगा, बाप म्हणणार कचेरीत चालेल तो, आणि लेखनाची आवड असलेली आई पीसीडब्ल्यूकडे पाहणार. कोणाचे बरोबर? गुणांवर पाहिले तर तिघांचेही. परंतु कमोडोर कंपनी १९९४ च्या एप्रिलमध्ये बुडाली. पीसीडब्ल्यूची तबकडी तीन इंची होती, जगाने पुढे साडेतीन इंची स्वीकारली. त्या आईच्या कथा तीन इंचांच्या तबकडीत अडकून पडल्या.

जिंकला तो रुक्ष पीसी. का? तो गुणांत श्रेष्ठ होता म्हणून नव्हे. आयबीएमने १९८१ च्या ऑगस्टमध्ये तो घाईने, बाजारात मिळणाऱ्या भागांतून जुळवला होता; त्यामुळे कॉम्पॅकसारख्यांना त्याबरहुकूम यंत्र बनविता आले. एक कारखाना बुडाला तरी दुसऱ्याचे यंत्र तेच काम पुढे चालवी. जपानी कंपन्यांनीही १९८३ साली एमएसएक्स नावाने असाच सामाईक नमुना काढला होता, पण इंग्लंड-अमेरिकेत तो रुजला नाही. मात्र पीसीच्या विजयाने ग्राहक मोकळा झाला असे समजू नका. यंत्र कोणाचेही घ्या, आज्ञाप्रणाली मायक्रोसॉफ्टची, असे झाले. कुलूप राहिलेच, ते दाराऐवजी तिजोरीला लागले.

एक दाखला तर शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. इंग्लंडच्या राजाने १०८६ साली देशाची जमीनमोजणी करून डोम्सडे बुक लिहविले. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवे डोम्सडे केले. शाळाशाळांतल्या मुलांनी आपल्या गावाची माहिती व छायाचित्रे गोळा केली, आणि ती लेसर तबकड्यांवर भरली. त्या वाचायला बीबीसीचाच संगणक व खास यंत्र लागे. पंधरा वर्षांत ती यंत्रे दुर्मिळ झाली, आणि मुलांचे काम वाचविण्यासाठी तज्ज्ञांना मोठा खटाटोप करावा लागला. चर्मपत्रावरचे नऊशे वर्षांचे पुस्तक मात्र जाणकाराला आजही उघडून वाचता येते.

मी कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सिंक्लेअरची ही स्वस्त यंत्रे स्कॉटलंडमधील डंडी येथे, टायमेक्सच्या कारखान्यात जुळवली जात. जुळविणारे हात बहुतांशी बायकांचे. स्पेक्ट्रमचे दिवस सरल्यावर कारखाना इतरांची कामे घेऊ लागला. १९९३ च्या जानेवारीत तेथे कपात जाहीर झाली, संप झाला. कामगार परत आले तो फाटक बंद. ३४३ जणांना काढून टाकले, आणि ऑगस्टमध्ये कारखानाच बंद झाला. यंत्र अडगळीत गेले आणि यंत्र बनविणारीही. दोघांचेही काम मागे काय उरले, हे विचारणारा कोणी नव्हता.

हा इतिहास मी परका म्हणून वाचू शकलो नाही, कारण आमच्या कचेरीत तो घडला आहे. १९९६ साली आम्ही वर्गणी काढून पहिला संगणक घेतला. चारशेवर सभासदांची नावे, टोकन नंबर आणि नोकरीस लागल्याची तारीख, सर्व मराठीत टंकून भरले. सहा वर्षांनी नवा संगणक आणला, तोही स्वस्त मिळतो म्हणून. जुनी फाइल उघडली, तर पडद्यावर नावांच्या जागी आडवीतिडवी चिन्हे! मराठीच्या प्रत्येक फाँटची सांकेतिक लिपी तेव्हा वेगळी असे. युनिकोड या सामाईक संहितेत देवनागरी १९९१ मध्येच आली होती. आमच्या यादीपर्यंत ती पोचली नव्हती. विक्रेता म्हणाला, पुन्हा टंका. त्यानंतर दोनच वर्षांनी कारखान्याला टाळे लागले आणि ग्रॅच्युइटीसाठी प्रत्येकाची तारीख हवी झाली. आम्ही तरलो ते आमच्या जुन्या चिटणीसांमुळे. त्यांचा संगणकावर विश्वास नव्हता. त्यांनी टाकाने लिहिलेली लाल बांधणीची वही कपाटात होती. तिच्या दोन पानांना वाळवी लागली होती. त्या पानांवरच्या माणसांना तारीख सिद्ध करता करता तीन वर्षे गेली. एकजण त्याआधीच वारला.

मित्रहो, पुढचा संगणक कोणता, या प्रश्नात आपण नेहमी यंत्राकडे पाहतो. वेग किती, स्मृती किती, किंमत किती. ते पाहावेच. परंतु यंत्र चार-सहा वर्षांचे पाहुणे असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० ची मोफत देखभाल संपली, आणि धडधाकट चालणारी कित्येक यंत्रे पुढच्या आवृत्तीला नालायक ठरली. टिकते ते आपण त्यात ओतलेले श्रम. म्हणून त्या गृहस्थांना मी चार दिवसांनी उत्तर दिले ते असे: "दादा, कोणत्याही जातीचा घ्या, पण दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. नातीने लिहिलेले उद्या दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेल काय? बिघडला तर गावातला कारागीर तो खोलू शकेल काय? आणि ही कंपनी उद्या बुडाली, तर तिचे काम तिच्या हाती राहील काय?"

त्यांनी ते तीन प्रश्न बसच्या तिकिटामागे लिहून घेतले. दोन दिवसांनी फोन आला. तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार गप्प बसला म्हणे. मी म्हटले, मग दुसऱ्या दुकानात जा. आणि नातीला एक जाड वहीही घेऊन द्या.