बाटलीत फुललेला बांबू

बांबू हे गवत आहे, असे सांगितले की अजूनही समोरचा हसतो. पण ऊस, भात, ज्वारी यांच्याच कुळातली ही वनस्पती. फुलायची मात्र तिला अजिबात घाई नसते. विदर्भात ज्याला कटांग म्हणतात, तो काटेरी बांबू चाळीस-पंचेचाळीस वर्षे नुसता वाढत राहतो, मग एकदाच फुलतो, बी धरतो आणि अख्खे बेट वाळून जाते.

मिझोराममधला मेलोकॅना जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. १९५८-५९मध्ये तो फुलला, त्याच्या बियांवर उंदीर माजले, उंदरांनी भात फस्त केला आणि दुष्काळ पडला. लोकांना मदत करायला निघालेल्या संघटनेतूनच १९६१मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष उभा राहिला. गवताच्या फुलोऱ्याने राजकारण घडवल्याचे दुसरे उदाहरण सहजी सापडायचे नाही.

बांबूची नवी जात काढायची, तर संकरासाठी दोन जाती एकाच वेळी फुलायला हव्यात. म्हणजे संशोधकाची सारी नोकरी वाट पाहण्यातच संपायची. हे कोडे पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुटले. नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हास या तिघांनी बांबूची कोवळी रोपे काचेच्या भांड्यात, निर्जंतुक पोषकद्रव्यात वाढवली. त्या द्रव्यात साखर, क्षार, पेशींचे विभाजन वाढवणारे सायटोकायनिन आणि चक्क नारळाचे पाणी होते. काही महिन्यांतच त्या एवढ्याशा रोपांना फुले आली, बीही धरले आणि ते रुजले! १९९०मध्ये ‘नेचर’ने हे संशोधन छापले. त्यातली एक जात होती कटांग. दुसरीला नाव आहे हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस यांचे.

संकर करणाऱ्यांना त्यामुळे वाट मिळाली. बांबू लावणाऱ्याला मात्र नेमके उलटे हवे असते: फुलोरा शक्य तितका लांबणीवर. म्हणून रोपांसाठी असे भांड्यातले ऊतिसंवर्धन करताना सगळा भर डोळ्यापासून कोंब आणि कोंबापासून आणखी कोंब काढण्यावर असतो. यात मेख एकच. जुन्या बेटाच्या डोळ्यापासून केलेले रोप दिसायला कोवळे असले, तरी त्या बेटाचे वय सोबत घेऊनच येते आणि बेटाची वेळ भरली की तेही फुलून वाळू शकते. तेव्हा रोपे घेताना भावाआधी मूळ बेट किती वर्षांचे आहे, ते विचारून घ्यावे.