जर्मन फुटबॉल-प्रेक्षकसंस्कृती

जर्मनीतील फुटबॉल सामन्यांच्या निमित्ताने क्रीडागारांतील उभ्या सज्जांमधून वाढीस लागलेली संघटित समर्थकांची जीवनपद्धती. सामूहिक गायन, प्रचंड आकाराचे ध्वज व कापडी चित्रे, ढोलवादन, संघाबरोबर गावोगाव प्रवास ही तिची दृश्य अंगे होत. या समर्थकांतील सर्वांत संघटित व आग्रही गटांना ‘उल्ट्रा’ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्यास हा सारा उत्साहाचा, प्रसंगी दांडगाईचा प्रकार वाटतो. तथापि गेल्या तीन दशकांत त्याच्या मुळाशी एक निश्चित वाद राहिला आहे : फुटबॉल क्लब हा त्याच्या सभासदांचा, की त्यात पैसा गुंतविणाऱ्यांचा? यूरोपातील अन्य मोठ्या देशांत या प्रश्नाचा निकाल बव्हंशी धनिकांच्या बाजूने लागला. जर्मनीत तो अद्याप पूर्णपणे लागलेला नाही, आणि त्याचे बरेचसे श्रेय या सज्जांकडे जाते.

जर्मनीत ⇨ फुटबॉल हा खेळ इंग्लंडमधून आला. ब्राउनश्वाइक येथील शिक्षक कोनराट कोख यांनी १८७४ मध्ये तो आपल्या विद्यार्थ्यांस शिकविला. शिस्तबद्ध जिम्नॅस्टिक्सच्या पुरस्कर्त्यांनी या ‘इंग्रजी रोगा’ची पुष्कळ हेटाळणी केली, पण शहरांतील कारकून, विद्यार्थी व पुढे कामगार यांच्यात तो झपाट्याने पसरला. जर्मन फुटबॉल संघटनेची स्थापना लाइपसिक येथे १९०० मध्ये झाली. त्याच वर्षी नवी नागरी संहिता अंमलात आली व तीनुसार क्लब हे नोंदणीकृत मंडळ ठरले. मंडळास मालक नसतो, सभासद असतात. सभासद वर्गणी भरतात, वार्षिक सर्वसाधारण सभेत मत देतात आणि अध्यक्षास निवडतात किंवा घालवितात. एखाद्या गावच्या गायनमंडळास लागू असणारी ही चौकट विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठमोठ्या व्यावसायिक संघांनाही लागू राहिली. पुढील सर्व घडामोडींचा पाया या कायदेशीर तपशिलात आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यान रुर खोऱ्यातील खाणकामगारांच्या वस्त्यांत फुटबॉलने मूळ धरले. गेल्झेनकिर्खेन येथील शाल्क ०४ या संघाने १९३४ ते १९४२ या काळात सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. या यशावर नाझी राजवटीची छाया होती. १९३३ मध्ये राजवट येताच क्लबांनी आपल्या ज्यू सभासदांस दूर केले व अनेकांनी ते विनाविलंब केले. बायर्न म्यूनिकचे अध्यक्ष कुर्ट लांडाउअर यांच्या कारकीर्दीत १९३२ मध्ये क्लबाला पहिले अजिंक्यपद लाभले होते. पुढच्याच वर्षी ज्यू असल्यामुळे त्यांना पद सोडावे लागले. १९३८ मध्ये त्यांना डाखाउच्या छळछावणीत डांबण्यात आले. १९३९ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले आणि १९४७ मध्ये परतून पुन्हा अध्यक्ष झाले. नंतर त्यांचे नाव जवळजवळ विस्मरणात गेले. ते पुन्हा लोकांसमोर आणण्यात बायर्नच्या ‘शिकेरिया’ या उल्ट्रा गटाचा मोठा वाटा आहे. लांडाउअर यांची भव्य चित्रे या गटाने सज्जातून उभारली, त्यांच्या नावाने स्पर्धा भरविली. क्लबाने २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर सन्माननीय अध्यक्षपद दिले. शिकेरियास २०१४ मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेचा यूलिउस हिर्श पुरस्कार मिळाला. हिर्श हे राष्ट्रीय संघातील ज्यू खेळाडू. त्यांना १९४३ मध्ये आउशविट्सला पाठविण्यात आले होते. पोलिसांच्या दृष्टीने उपद्रवी ठरलेल्या गटास असा पुरस्कार मिळावा, यातच या संस्कृतीतील अंतर्विरोध दिसून येतो.

पश्चिम जर्मनीत राष्ट्रीय साखळी स्पर्धा (बुंडेसलिगा) १९६३ मध्ये सोळा संघांनिशी सुरू झाली. १९७० नंतर क्रीडागाराच्या गोलामागील अर्धवर्तुळाकार भागात, म्हणजे ‘कुर्वे’त, तरुण समर्थकांचे गट नियमितपणे जमू लागले. बाह्या कापलेल्या डेनिम जाकिटावर क्लबाची चिन्हे शिवून ती मिरविणे ही त्यांची खूण. या जाकिटास ‘कुट्टे’ (मूळ अर्थ साधूची कफनी) म्हणत व त्यावरून ते घालणारेही त्याच नावाने ओळखले जात. १९८० च्या सुमारास इंग्लंडच्या अनुकरणाने मारामारीसाठीच जमणाऱ्या टोळ्या निघाल्या आणि त्यांत अतिउजव्या गटांनी शिरकाव केला. डॉर्टमुंडमधील ‘बोरुसेनफ्राँट’ हा त्यांपैकी कुप्रसिद्ध गट. १९८२ मध्ये हँबर्ग येथे ब्रेमेन संघाचा एक सोळा वर्षांचा समर्थक दगड लागून मृत्यू पावला. या घटनेने देश हादरला. केवळ पोलिसी बंदोबस्ताने हा प्रश्न सुटणार नाही, असे मत बळावले आणि ब्रेमेनमध्ये आधीच सुरू झालेल्या ‘समर्थक प्रकल्पा’चे अनुकरण इतरत्र झाले. या प्रकल्पांत समाजकार्यकर्ते तरुण समर्थकांबरोबर प्रवास करतात व पोलिस आणि समर्थक यांच्यात मध्यस्थी करतात. खर्चाचा भार फुटबॉल संस्था, घटकराज्ये व नगरपालिका उचलतात. १९९३ पासून त्यांच्यासाठी एक मध्यवर्ती समन्वय कार्यालय आहे. हिंसा मात्र थांबली नाही. १९९८ च्या विश्वचषकाच्या वेळी फ्रान्समधील लाँस येथे जर्मन गुंडांनी एका फ्रेंच पोलिसास मारहाण करून कायमचे अपंग केले.

पूर्व जर्मनीत कुर्वेला वेगळा अर्थ होता. बर्लिनचा बीएफसी डायनॅमो हा संघ राज्य सुरक्षा मंत्री एरिख मील्के यांच्या आश्रयाखाली होता व त्याने १९७९ ते १९८८ अशी सलग दहा अजिंक्यपदे मिळविली. त्याच शहरातील युनियन बर्लिन या संघाचा पाठीराखा असणे म्हणजे उघड विरोध नव्हे, पण उघड नाराजी होती. फ्री किकच्या वेळी गोलासमोर खेळाडूंची भिंत उभी राहिली की युनियनचे समर्थक ‘भिंत हटलीच पाहिजे’ असे ओरडत. कोणती भिंत, हे सांगण्याची गरज नसे. एकीकरणानंतर क्लब कर्जबाजारी झाला. २००४ मध्ये समर्थकांनी रक्तदान करून त्याचा मोबदला क्लबास दिला. २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक समर्थकांनी विनावेतन सुमारे १,४०,००० तास काम करून ‘आल्टे फोर्स्टराय’ हे जुने क्रीडागार नव्याने उभारले. पुढे क्रीडागाराच्या कंपनीचे भागही सभासदांनाच विकण्यात आले. २०१९ मध्ये युनियनने पहिल्या प्रतीच्या साखळीत प्रवेश केला. सुमारे २२,००० जागांच्या या क्रीडागारात १८,००० हून अधिक प्रेक्षक आजही उभ्याने सामना पाहतात.

उल्ट्रा ही मूळची इटालियन कल्पना. मिलान, जेनोआ इ. शहरांत १९६८-६९ च्या सुमारास, विद्यार्थी व कामगार चळवळींच्या काळात, असे गट निर्माण झाले आणि मोर्चांतील घोषणा, फलक, कर्णे सज्जांत आले. जर्मनीत ही पद्धत १९८० नंतर तुरळक दिसू लागली, पण तिला बहर आला तो १९९५ नंतर. फ्रँकफुर्टचा ‘उल्ट्रास फ्रँकफुर्ट’ व स्टटगार्टचा ‘कोमांडो कानश्टाट’ (दोन्ही १९९७), डॉर्टमुंडचा ‘द युनिटी’ (२००१), म्यूनिकचा ‘शिकेरिया’ (२००२) हे त्यांपैकी प्रमुख गट. कुट्टेवाला समर्थक प्रसंगानुरूप ओरडे. उल्ट्रा संपूर्ण नव्वद मिनिटे, संघ हरत असतानाही, गात राहणे हे कर्तव्य मानतो. मैदानाकडे पाठ करून कुंपणाजवळच्या लहानशा मंचावर उभा राहणारा ‘कापो’ ध्वनिवर्धकावरून गाणी सुरू करतो. ज्याने सर्वाधिक सामने पाहिले असे म्हणावे, त्याला प्रत्यक्ष खेळ फारसा दिसतच नाही. मोठ्या सामन्यापूर्वी ‘कोरिओग्राफी’ची तयारी चालते : भाड्याच्या गोदामांत रात्री जागून शेकडो चौरस मीटर कापड रंगविणे, ते शिवणे, प्रत्येक जागेवर ठेवावयाच्या रंगीत कागदांची आखणी करणे. हे चित्र खेळाडू मैदानात येताना काही मिनिटेच दिसते. त्याचा खर्च वर्गणी व देणग्यांतून निघतो. जाहिरातदारांचे पैसे घेणे कमीपणाचे समजतात. गटाचा कुंपणावर लावलेला ध्वज हे त्याचे सर्वस्व. तो प्रतिस्पर्ध्यांनी पळविल्यास गटाने विसर्जित व्हावे, असा अलिखित संकेत आहे व तो काही गटांनी खरोखर पाळला आहे. त्यासाठी होणाऱ्या चोऱ्या आणि हाणामाऱ्या मात्र या शौर्यकल्पनेतील पोरकटपणाच दर्शवितात.

या साऱ्याला उभी सज्जा आवश्यक असते. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो क्रीडागारात १९८९ मध्ये चेंगराचेंगरी होऊन ९७ लोक मृत्युमुखी पडले. टेलर चौकशी अहवालानंतर (१९९०) तेथील वरच्या श्रेणींतील क्रीडागारांत सर्वांना बसण्याच्या जागा सक्तीच्या झाल्या. पुढे तिकिटांचे दर भडकले व कामगारवर्गातील तरुण बाहेर फेकला गेला. जर्मनीतही आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी खुर्च्यांची अट आली, परंतु समर्थकांच्या विरोधामुळे साखळी सामन्यांसाठी उभ्या जागा कायम राहिल्या. ‘क्रियाशील फुटबॉल समर्थक आघाडी’ १९९३ मध्ये स्थापन झाली ती याच काळात. गरजेनुसार बसविता व काढता येणाऱ्या खुर्च्या हा त्यावर निघालेला तांत्रिक तोडगा. १९७४ मध्ये उघडलेल्या डॉर्टमुंडच्या क्रीडागारातील दक्षिण सज्जात २४,४५४ लोक उभे राहू शकतात. ही यूरोपातील सर्वांत मोठी उभी सज्जा असून प्रेक्षकांच्या पोशाखावरून तिला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. उभ्या जागेचे तिकीट साधारणतः २० यूरोंच्या आसपास मिळत असल्याने विद्यार्थी, उमेदवार कामगार व निवृत्त गृहस्थ एकाच पायरीवर दिसतात.

मालकीचा प्रश्न १९९८ मध्ये ऐरणीवर आला. त्या वर्षी फुटबॉल संघटनेने क्लबांना आपला व्यावसायिक विभाग कंपनीत रूपांतरित करण्याची मुभा दिली. मात्र कंपनीतील ५० टक्के अधिक एक मत मूळ मंडळाकडेच राहिले पाहिजे, अशी अट घातली. ‘५० + १’ या नावाने ओळखला जाणारा हा नियम समर्थकांच्या चळवळीचा ध्वज ठरला. दीर्घकाळ पाठिंबा देणाऱ्यांसाठी अपवाद ठेवला होता. त्याचा लाभ औषधकंपनीच्या लेव्हरकूझेनला व मोटार-उद्योगाच्या व्होल्फ्सबुर्गला झाला. हा नियम रद्द करावा असा हॅनोव्हरच्या अध्यक्षांनी मांडलेला ठराव २००९ मध्ये ३६ पैकी ३२ क्लबांनी फेटाळला. त्याच वर्षी एका पेयउत्पादकाने लाइपसिक येथे नवा संघ काढला. मतदानाचा अधिकार असलेले सभासद मोजकेच ठेवून या संघाने नियमाचे शब्द पाळले आणि त्याचा हेतू बाजूस सारला, अशी टीका झाली. या संघाविरुद्ध देशभरच्या सज्जांत जो रोष दिसतो, त्याचे कारण हेच होय.

उल्ट्रांनी विरोधासाठी शोधलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे मौन. सुरक्षाविषयक नियम कडक करण्याच्या प्रस्तावांवर १२ डिसेंबर २०१२ रोजी क्लबांचे मतदान व्हावयाचे होते. त्यापूर्वी काही आठवडे सर्व क्रीडागारांत सामन्याची पहिली १२ मिनिटे व १२ सेकंद कोणीही गायिले नाही. दूरचित्रवाणीवरून विकली जाणारी ‘वातावरण’ नावाची वस्तू कोण निर्माण करतो, हे त्या शांततेने सर्वांना कळले. प्रस्ताव तरीही संमत झाले. सोमवारच्या सामन्यांचा वाद मात्र समर्थकांनी जिंकला. कामाच्या दिवशी रात्री शेकडो किलोमीटरांचा प्रवास करणे परगावच्या समर्थकांस अशक्य होते. २०१८ मध्ये फ्रँकफुर्टच्या मैदानावर टेनिसचे चेंडू पडले, डॉर्टमुंडची पिवळी भिंत रिकामी राहिली आणि २०२१-२२ पासून बुंडेसलिगातील हे सामने बंद झाले.

डिसेंबर २०२३ मध्ये साखळी संस्थेने प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातील काही वाटा वीस वर्षांसाठी खाजगी गुंतवणूकदारास देऊन सुमारे एक अब्ज यूरो उभे करण्याचे ठरविले. ३६ पैकी २४ मते, म्हणजे आवश्यक तेवढे नेमके दोन-तृतीयांश मताधिक्य, या ठरावास मिळाले. मतदान गुप्त असल्याने हॅनोव्हरच्या प्रतिनिधीने स्वतःच्या मूळ मंडळाच्या आदेशाविरुद्ध मत दिले असावे, असा संशय बळावला. तसे असेल तर ५० + १ चा भंग होऊनच हा निर्णय झाला, असे समर्थकांचे म्हणणे होते. पुढील दोन महिने सामन्यांमागून सामने थांबले. सोनेरी कागदातील चॉकलेटची नाणी, टेनिसचे चेंडू आणि धूर सोडणाऱ्या खेळण्यातील मोटारी मैदानावर आल्या. दोन इच्छुक गुंतवणूकदारांपैकी एकाने माघार घेतली व २१ फेब्रुवारी २०२४ रोजी साखळी संस्थेने सारा व्यवहारच गुंडाळला.

या संस्कृतीची दुसरी बाजू झाकून चालत नाही. हँबर्गच्या बंदर भागातील सेंट पाउली क्लबाच्या समर्थकांनी कवटीच्या ध्वजाखाली वंशद्वेषाविरुद्ध भूमिका घेतली आणि १९९० नंतर लवकरच त्या क्लबाने अशा घोषणांना नियमाने बंदी केली. तथापि सर्वत्र असे घडले नाही. आखेन येथे वंशद्वेषविरोधी उल्ट्रा गटास आपल्याच क्लबाच्या दुसऱ्या गटाच्या हल्ल्यांमुळे २०१३ मध्ये सज्जा सोडावी लागली. गटांचे नेतृत्व जवळजवळ पूर्णतः पुरुषांकडे असून समर्थक स्त्रियांना २००४ मध्ये स्वतंत्र संघटन उभारावे लागले. व्यक्तीवरील शिवीगाळही नित्याचीच. २०२० मध्ये होफनहाइमच्या आश्रयदात्यावरील अर्वाच्य फलकांमुळे बायर्नचा सामना दोनदा थांबला व अखेरची तेरा मिनिटे दोन्ही संघांनी एकमेकांस चेंडू देत काढली. मशाली व रंगीत धूर यांना मर्यादित परवानगी द्यावी, यासाठी सुरू झालेली बोलणी २०११ मध्ये फिसकटली. तेव्हापासून क्लब दंड भरतात व मशाली पेटतच राहतात. क्रीडागारबंदी हे क्लबांचे मुख्य हत्यार. २०१८ मध्ये संघीय संविधान न्यायालयाने ती वैध ठरविली, परंतु संबंधितास कारणे कळवून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असेही बजावले. अतिधोक्याच्या सामन्यांतील जादा पोलिस बंदोबस्ताचा खर्च साखळी संस्थेकडून घेण्याचा ब्रेमेन राज्याचा कायदा त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये उचलून धरला.