नेपच्यून की व्हल्कन?

गेल्या शनिवारी एक मित्र चहाला आला होता. आमच्याच धंद्यातला, म्हणजे सॉफ्टवेअरवाला. येतानाच डोक्यात नवा किडा घेऊन आला. थॉमस कूनचं 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्यूशन्स' (१९६२) त्याने नुकतंच वाचून संपवलं होतं.

"कूनने टप्पे सांगितलेच आहेत," तो म्हणाला. "आधी सगळ्यांना मान्य असलेली एक चौकट, म्हणजे पॅराडाइम. त्या चौकटीत राहून चालणारं रोजचं विज्ञान. मग चौकटीत न बसणारी एखादी विसंगती. अशा विसंगती चिघळल्या की संकट. आणि शेवटी क्रांती, म्हणजे नवी चौकट. मग रोज येणाऱ्या नव्या संशोधनाला टप्प्याचं लेबल लावणारा प्रोग्राम का लिहू नये? बगांना लावतोच की आपण!"

कल्पना झकास. पण बगांना लेबलं लावण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, आधी जुन्या केसवर टेस्ट करू. आपल्याला उत्तर माहीत आहे, पण त्या काळच्या माणसांना नव्हतं, अशी केस. नशिबाने इतिहासात अशा दोन केसेस जोडीने सापडतात. माणूस तोच, पद्धत तीच आणि निकाल अगदी उलटे.

माणसाचं नाव उर्बें ल व्हेरिए, फ्रेंच खगोलगणिती.

पहिली केस युरेनसची. हर्शेलने १७८१ मध्ये हा ग्रह शोधला. पण पुढे न्यूटनच्या नियमाने काढलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तो काही चालेना. इतक्या दूरवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलत असेल का, अशीही शंका काहींनी काढली. ल व्हेरिएने न्यूटनला हात लावला नाही. तो म्हणाला, पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे, तो युरेनसला ओढतोय. आकडेमोड करून त्याने जागा काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेतल्या गालेला पत्र लिहिलं. २३ सप्टेंबर १८४६ ला पत्र पोचलं आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, नेपच्यून सापडला. कागदावर गणित करून ग्रह शोधायचा म्हणजे काय चेष्टा आहे का!

दुसरी केस बुधाची. बुधाची कक्षा लंबवर्तुळाकार. तिच्यातला सूर्याला सर्वात जवळचा बिंदू हळूहळू सरकतो, शतकाला साधारण ५७४ विकला. (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक भाग म्हणजे विकला.) इतर ग्रहांच्या ओढीने यातल्या ५३१ चा हिशेब लागतो. उरलेल्यांचा लागत नाही. ल व्हेरिएने १८५९ मध्ये हा फरक ३८ विकला असल्याचं मांडलं आणि आधीचंच औषध पुन्हा दिलं : बुधाच्या आत एखादा ग्रह किंवा छोट्या ग्रहांचा थवा असणार.

आणि गंमत म्हणजे तो 'दिसला'सुद्धा! लेस्कार्बो नावाच्या एका खेडेगावातल्या डॉक्टरने कळवलं की, मी सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना पाहिलाय. ल व्हेरिए स्वतः त्याच्या घरी जाऊन उलटतपासणी करून आला आणि त्याची खात्री पटली. ग्रहाला व्हल्कन हे नाव मिळालं, डॉक्टरला फ्रेंच सरकारचा मोठा सन्मान. १८७८ च्या खग्रास ग्रहणात दोन अमेरिकन निरीक्षकांनी व्हल्कन दिसल्याचं सांगितलं, पण बाकी कोणाला तो दिसला नाही. तोवर ल व्हेरिए गेलाही होता. तारीख २३ सप्टेंबर १८७७, नेपच्यून सापडला त्याला बरोबर ३१ वर्षं झाली होती.

व्हल्कन नव्हताच. १८ नोव्हेंबर १९१५ ला आइन्स्टाइनने बर्लिनमध्ये दाखवून दिलं की, त्याच्या नव्या सिद्धांतातून हा उरलेला फरक आपोआप निघतो. नवा ग्रह नको की काही नको. चौकटच बदलली.

आता मित्राचा प्रोग्राम १८५९ सालात नेऊन चालवू. इनपुट काय? न्यूटनच्या हिशेबात न बसणारा छोटा फरक आणि न दिसलेल्या ग्रहाचा अंदाज. १८४६ चं इनपुटही तेच. प्रोग्राम दोन्हींवर 'रोजचं विज्ञान' असा शिक्का मारणार, आणि त्या वेळच्या माहितीवर तो चुकीचाही नसणार! ल व्हेरिए मूर्ख नव्हता. एकदा ज्या पद्धतीने ग्रह मिळाला तीच त्याने पुन्हा वापरली. आपणही तेच करतो.

उलटी केसही आहे. २३ सप्टेंबर २०११ (पुन्हा तीच तारीख!). सर्नपासून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं जाहीर झालं. लेबल काय लावाल? संकट, नाहीतर थेट क्रांती. २०१२ मध्ये कळलं की एक फायबर केबल नीट बसलेली नव्हती.

म्हणजे फरकाच्या आकारावरून कारणाचा आकार कळत नाही. हा धडा मी स्वतः शिकलोय. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये महिनाअखेरच्या हिशेबात काही पैशांचा फरक यायचा. मी 'राउंडिंग' असं लिहून टिकेट बंद केलं. वर्षभराने उलगडा झाला. मध्यरात्रीच्या आसपासचे परदेशी व्यवहार एका ठिकाणी एका तारखेला आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या तारखेला मोजले जात होते. मूळ डिझाइनच चुकलेलं. वर्षभर तिकडे कोणी पाहिलं नाही, कारण टिकेटवर माझं लेबल होतं.

म्हणूनच या गोष्टीतला माझा आवडता माणूस आइन्स्टाइनही नाही आणि ल व्हेरिएही नाही. सायमन न्यूकम. या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बुधाचा हिशेब पुन्हा केला आणि फरक ३८ नाही, ४३ विकला आहे असं सांगितलं. कोडं त्यालाही सुटलं नाही. आसाफ हॉलने १८९४ मध्ये सुचवलं की, न्यूटनच्या सूत्रातला वर्ग २ ऐवजी २.००००००१६ धरा. न्यूकमने तोही पॅच लावून पाहिला, पण पुढे चंद्राच्या गतीशी तो जुळेना. न्यूकमने टिकेट बंद केलं नाही, आकडा मात्र चोख करून ठेवला. १९१५ मध्ये आइन्स्टाइनचं गणित ४३ वर येऊन थांबलं, तेव्हा ताडून पाहायला आकडा तयार होता. त्या आनंदात तो काही दिवस जमिनीवर नव्हता, असं त्यानेच मित्राला कळवलं होतं.

मित्र म्हणाला, "हे सगळं जुनं झालं. आजचं बोल." आजचं घ्या. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकीला दीर्घिकांच्या समूहात आणि १९७० च्या दशकात व्हेरा रुबिनला दीर्घिकांच्या फिरण्यात, दिसणाऱ्या वस्तुमानाने न जुळणारे वेग सापडले. बहुतेकांचं उत्तर : न दिसणारं कृष्णद्रव्य. त्याच्या बाजूने इतर पुरावेही भक्कम आहेत, पण त्याचा कण अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. मिल्ग्रॉमने १९८३ मध्ये म्हटलं, द्रव्य शोधू नका, नियमच बदला. मग हा नेपच्यून आहे की व्हल्कन? माझा कल नेपच्यूनकडे आहे. पण १८६० मध्ये माझा कल व्हल्कनकडेच असता!

बराच वेळ वाद घालून आम्ही प्रोग्राममधला 'टप्पा' हा रकाना काढून टाकला. त्याजागी दोन रकाने घातले : 'हे खरं असेल तर कुठे आणि काय दिसायला हवं?' आणि 'कोणी पाहिलं का?' क्रांती झाली की नाही ते शंभर वर्षांनी कोणीतरी भरेल.

असो. चहा गार झाला होता, पुन्हा ठेवला.