दारव्हा : तांड्यांवरील तरुणांच्या वाटेतील अडथळे

यवतमाळ जिल्ह्यातील तालुका. कापूस-सोयाबीनचा, बहुतांशी कोरडवाहू मुलूख. अनेक गावांच्या कडेला बंजारा तांडे. घरात गोरमाटी बोली आणि शाळेत मराठी, म्हणजे पाटी हाती येताच पोराला भाषा बदलावी लागते.

पडताळणी. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) प्रवर्गात येतो. राखीव जागा 3 टक्के. बारावीची परीक्षा एकदा होते, कागदाची मात्र होतच राहते. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पण व्यावसायिक प्रवेशाला आणि राखीव नोकरीला जिल्हा पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. या प्रवर्गासाठी मानीव दिनांक 21 नोव्हेंबर 1961. त्याआधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा हवा : आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुने महसुली कागद. आजोबा शाळेत गेले असतील तर काम सोपे. ते बैलांमागे हिंडले असतील, तर घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या नातवाच्या चकरा सुरू. सवलत ज्याच्यासाठी, त्याच्याकडेच कागद नसतो. घराण्यात एकाची वैधता झाली की चुलतभावांचे बरेच सोपे होते. म्हणून पहिल्या मुलाची फाईल सगळ्या भावकीची असते.

हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, तर कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्रातही अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा, या मागणीने 2025मध्ये पुन्हा उचल खाल्ली. आदिवासी संघटनांचा तिला विरोध आहे.

स्थलांतर. पाऊस दगा देतो तेव्हा दिवाळीनंतर काही कुटुंबे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून मजुरीच्या हिशेबात एक 'कोयता'. शाळा मधेच सुटते.

रेल्वे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' गाडी दारव्ह्यावरून जाई. लांबी 113 किलोमीटर, रुळांतील अंतर 762 मिलिमीटर. लोहमार्ग किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीचा, राष्ट्रीयीकरणातून सुटलेला. 1994पर्यंत वाफेचे इंजिन होते. गाडी सायकलीच्या चालीची, पण तिकीट गरिबाला परवडणारे. आता ती बंद आहे, म्हणजे तांड्याबाहेर पडण्याची ती स्वस्त वाटही.

अपवाद. याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातलेच वसंतराव नाईक नागपुरात वकिली शिकले आणि 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तांड्यावरच्या पोरांना हे उदाहरण इतके ऐकवले जाते, की अपवादाचा नियम वाटू लागावा.