ऑब्जेक्टची प्रत (संगणक प्रोग्रामिंग)

संगणक प्रोग्रामिंगमध्ये ऑब्जेक्टची प्रत म्हणजे अस्तित्वात असलेल्या ऑब्जेक्टमधील माहिती घेऊन तयार केलेला दुसरा ऑब्जेक्ट होय. केवळ संदर्भाची नक्कल करणे ही याहून वेगळी क्रिया आहे; या दोहोंतील गल्लतीमुळे कार्यक्रमात सहजी न सापडणारे दोष निर्माण होतात.

मूल्य आणि संदर्भ

पायथन, जावा व जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये चलात ऑब्जेक्ट स्वतः नसतो, तर त्याच्याकडे नेणारा संदर्भ असतो. 'अ' हे चल [१, २, ३] ही यादी दर्शवीत असताना 'ब = अ' असे लिहिल्यास नवी यादी तयार होत नाही; एकाच यादीला दोन नावे मिळतात. 'ब'मध्ये ४ जोडल्यास 'अ'मध्येही चार घटक दिसतात. सी++ मध्ये याउलट साध्या नेमणुकीने सदस्यांच्या मूल्यांची नक्कल होते. पीएचपीने तर आपली पद्धत मध्येच बदलली: चौथ्या आवृत्तीपर्यंत ऑब्जेक्ट मूल्याने नेमले जात, २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून प्रतीसाठी 'क्लोन' असे स्पष्ट लिहावे लागते.

जावामध्ये ऑब्जेक्ट 'संदर्भाने पाठवले जातात' हे विधान अनेकदा केले जाते, ते काटेकोर नाही. तेथे मूल्यच पाठवले जाते. ते मूल्य संदर्भ असते इतकेच.

उथळ आणि सखोल प्रत

उथळ प्रतीत बाहेरचा ऑब्जेक्ट नवा असतो, परंतु आतील ऑब्जेक्ट मूळ व प्रत या दोघांत सामाईक राहतात. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या एका मोठ्या यादीत ठेवून तिची उथळ प्रत काढली आणि प्रतीतील एका विद्यार्थ्याचा गुण बदलला, तर मूळ नोंदही बदलते. मात्र प्रतीत नवा विद्यार्थी जोडल्यास मूळ यादीवर परिणाम होत नाही. दोष उशिरा लक्षात येतो तो याच अर्धवट स्वातंत्र्यामुळे.

सखोल प्रतीत आतील ऑब्जेक्टही पुन्हा तयार केले जातात. तिला वेळ व स्मृती अधिक लागते. शिवाय एखादा ऑब्जेक्ट फिरून स्वतःकडेच निर्देश करीत असेल, तर साधी पुनरावर्ती पद्धत कधीच थांबणार नाही. म्हणून पायथनचे 'डीपकॉपी' हे फलन आधी नकललेल्या ऑब्जेक्टची नोंद ठेवते. जावास्क्रिप्टमधील 'स्ट्रक्चर्डक्लोन' अशी चक्रे हाताळते, पण फलनांची प्रत काढू शकत नाही.

सी++ मध्ये पॉइंटर असलेल्या ऑब्जेक्टची उथळ प्रत विशेष धोकादायक ठरते. दोन्ही ऑब्जेक्टचे विनाशक तीच स्मृती मुक्त करू पाहतात आणि कार्यक्रम कोलमडू शकतो.