सात बेटांची मुंबई आणि आमच्या कापसाचा हिशेब

मुंबई कुणी घडवली? यवतमाळच्या वस्त्यांमध्ये तरुणांसोबत बसलो की आम्ही हा प्रश्न मुद्दाम विचारतो. उत्तरात गव्हर्नर येतात, शेठ येतात, गिरणीमालक येतात. कापूस वेचणारे आणि सूत कातणारे हात मात्र येत नाहीत.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटे. मासेमारी, मिठागरे, नारळ, भात ही तिथली अर्थव्यवस्था. १६६१ च्या करारात मुंबई पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. कोळ्यांना कुणी विचारले नाही.

या बेटावर कापूस पिकत नव्हता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामांच्या घामावर पिकणारा तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाड १८५३ पासूनच इंग्रजांच्या कारभारात होते. पुढे रेल्वे आली, यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला'ही आली. गाठी मुंबईला गेल्या, नफाही तिकडेच राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले.

गिरण्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसाला रोजगार दिला, हे खरे. पण जात गिरणीच्या फाटकाबाहेर थांबली नाही. विणकाम खात्यात धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई, म्हणून जास्त मजुरीच्या त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. परळच्या चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला. संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाइलाजाने मागण्यांत घेतला. मालकांनी उलट सुनावले : हा अन्याय आमचा नाही, तुमच्याच कामगारांचा आहे.

तरीही बाबासाहेबांनी कामगारांची साथ सोडली नाही. १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांसोबत संपात उतरला.

'आधी मजूर म्हणून एक व्हा, जातीचे नंतर पाहू,' असे आजही सांगितले जाते. एक व्हायला आमची ना नाही. पण धोट्याचा तो धागा विसरून झालेली एकजूट कुणाच्या कामाची? मित्रहो, आपल्या गावातल्या आजीला विचारा, कापूस वेचण्याची मजुरी तिला किती मिळे. मुंबईचा इतिहास तिथून लिहायला घ्या.

जय भीम!